कुदळवाडीचा बुलडोझर आणि पिंपरी कॅम्पचा धडा

८ फेब्रुवारी २०२५ रोजी पिंपरी-चिंचवड महापालिकेने चिखलीच्या कुदळवाडीत जी कारवाई सुरू केली, तिला सरकारी भाषेत 'अतिक्रमण निर्मूलन' असे नाव आहे. आठवडाभरात चार हजारांहून अधिक बांधकामे भुईसपाट झाली आणि आठशे एकरांहून अधिक क्षेत्र 'मोकळे' झाले. 'मोकळे' हा शब्द ध्यानात ठेवण्याजोगा आहे. ज्या जागेवर आदल्या दिवशीपर्यंत हजारो माणसे राबत होती, वजनकाटे चालत होते, लोखंड कापले जात होते, चहाच्या टपऱ्यांवर भोजपुरी, अवधी आणि मराठी एकाच बाकावर बसत होती, ती जागा भरलेली नव्हतीच, नुसती अडवलेली होती, असे त्या शब्दातून सुचवले जाते. कारवाईचे समर्थन त्या शब्दातच दडलेले आहे. युक्तिवादाची गरजच उरत नाही.

कुदळवाडीत नेमके काय होते? भोसरी, चाकण, तळवडे येथील कारखान्यांतून रोज जो अवशेष बाहेर पडतो, म्हणजे लेथवर निघणारा लोखंडी चुरा, पत्र्याच्या कातरणी, फुटकी लाकडी खोकी, पुठ्ठा, प्लॅस्टिक, थर्माकोल, रसायनांची रिकामी पिंपे, तो सारा या वस्तीत येत असे, निवडला जाई, कापला जाई, बांधला जाई आणि पुन्हा कोणत्या ना कोणत्या भट्टीकडे किंवा कारखान्याकडे रवाना होई. मोटारीच्या कारखान्याची स्वच्छ, चकचकीत उत्पादनरेषा पाहण्यास पाहुण्यांना नेले जाते. त्या रेषेचे शेपूट कुदळवाडीच्या पत्राशेडमध्ये संपते, हे त्यांना कोणी सांगत नाही. भंगाराच्या जोडीने येथे फॅब्रिकेशनचे, सुट्या भागांचे लहान कारखाने होते. मोठ्या कंपन्यांच्या पुरवठादारांनाही माल पुरवणारे हे तिसऱ्या-चौथ्या पायरीवरील उद्योजक, आणि त्यांत मराठी माणसेही कमी नव्हती. भंगाराच्या व्यवसायात मात्र उत्तर प्रदेश व बिहारमधून आलेल्यांचे, त्यांतही मुसलमानांचे प्रमाण मोठे. जमीन बहुतांशी स्थानिक शेतकऱ्यांची. त्यांनी ती शेडसह किंवा शेड बांधण्यासाठी भाड्याने दिलेली.

या कारवाईच्या बाजूने तीन कारणे पुढे करण्यात आली. बांधकामे अनधिकृत होती, प्रदूषण होत होते, आणि येथे घुसखोर परदेशी राहत होते. तिन्हींचा परामर्श घेणे आवश्यक आहे, कारण पक्षाच्या हितचिंतकांपैकीही अनेकांना ती पटलेली दिसतात.

तिसऱ्या कारणाचा निकाल लवकर लागतो. कोणी व्यक्ती परदेशी नागरिक असून बेकायदा राहत असेल तर त्याच्यासाठी स्वतंत्र कायदा आहे. तो त्या व्यक्तीची चौकशी करतो. तिच्या शेजाऱ्याच्या छपराची नव्हे. चार हजार बांधकामे पाडून नागरिकत्वाची तपासणी होत नसते. पण 'बांगलादेशी' व 'रोहिंग्या' या शब्दांचे काम तपासणीचे नव्हतेच. जी माणसे उद्या रस्त्यावर येणार, त्यांच्याविषयी आज सहानुभूती निर्माण होऊ नये एवढी व्यवस्था त्या शब्दांनी चोख केली.

प्रदूषणाचा आक्षेप गंभीर आहे आणि तो उडवून लावणे बेजबाबदारपणाचे ठरेल. प्लॅस्टिक जाळणे, पिंपे धुतलेले रसायन नाल्यात सोडणे, गोदामांना वारंवार लागणाऱ्या आगी यांचा त्रास चिखली-मोशीच्या रहिवाशांनी खरोखरच सोसला आहे. इंद्रायणीच्या पाण्यावरचा फेस वारकऱ्यांनी पाहिला आहे. मात्र ज्या कारखान्यांचा कचरा कुदळवाडीत येत होता त्यांनी तो निर्माण करणे फेब्रुवारी २०२५ मध्ये थांबवले नाही. भंगाराचा ओघ कायम राहिला आणि तो जिरवण्याची जागा तेवढी नष्ट झाली, तर तो ओघ महापालिकेच्या हद्दीबाहेरच्या एखाद्या गावाकडे वळणार, जेथे नियंत्रण आणखी ढिले असेल. प्रदूषण हटवायचे असते तर प्रथम पर्यायी जागा, सांडपाण्याची सोय, अग्निशमनाची व्यवस्था आणि मग मुदत, असा क्रम असता.

असा क्रम या देशात घडलेला आहे, आणि तोही एका स्थलांतरित वस्तीच्याच बाबतीत. कलकत्त्याच्या टांगरा भागात हक्का चिनी कुटुंबांनी चालवलेले चामडे कमावण्याचे कारखाने पिढ्यान्‌पिढ्या होते. सर्वोच्च न्यायालयाने १९ डिसेंबर १९९६ रोजी ते हलवण्याचा आदेश दिला, तेव्हा बांतळा येथे नव्या चर्मसंकुलात जागा देण्याची आणि कामगारांना भरपाई देण्याची तरतूदही त्याच आदेशात होती. ती अपुरी ठरली, अनेक कुटुंबांना स्थलांतर परवडले नाही, तरुण पिढी कॅनडाची वाट धरू लागली आणि टांगरा आज खवय्यांच्या उपाहारगृहांसाठी अधिक ओळखले जाते, हे सर्व खरे. परंतु निदान प्रश्न विचारला गेला होता की, ही माणसे जातील कोठे? कुदळवाडीत तो प्रश्न कागदावरही उमटला नाही.

आता पहिले कारण, अनधिकृततेचे. पिंपरी-चिंचवडच्या राजकारणाचा गेल्या पंधरा वर्षांचा इतिहास ज्याला ठाऊक आहे, त्याला हे कारण ऐकून हसू आले असल्यास नवल नाही. या शहरात अनधिकृत बांधकाम हा अपवाद कधी नव्हताच. एका काळी तो शहर वाढण्याचा मुख्य मार्ग होता. गुंठा-दोन गुंठे जागा घ्यायची, परवानगीविना दोन-तीन मजले चढवायचे, खोल्या भाड्याने द्यायच्या. २०१२ पासून एका आयुक्तांनी अशा इमारती पाडण्यास आरंभ केला, तेव्हा शहरातील सर्वपक्षीय पुढारी एक झाले आणि २०१४ च्या प्रारंभी त्या आयुक्तांची बदली झाली. पुढे २०१७ मध्ये राज्य शासनाने कायद्यात दुरुस्ती करून ३१ डिसेंबर २०१५ पर्यंतची अनधिकृत बांधकामे नियमित करण्याची वाट काढली. दंड म्हणून लावलेला शास्ती कर हा तर निवडणुकांचा हुकमी विषय झाला होता. २०२३ मध्ये तोही माफ झाला. हे सर्व चूक होते असे येथे म्हणायचे नाही. स्वस्त घरे बांधण्यात शासन नापास झाल्यामुळे सामान्य माणसाने बेकायदा घर बांधले, तर त्याला सांभाळून घेणे हेच शहाणपण होते. प्रश्न इतकाच की, हेच शहाणपण कुदळवाडीच्या वेशीवर येऊन का थांबले? अनधिकृतता तीच, महापालिका तीच, अशा बांधकामांवर कर आकारण्याची रीत तीच. फरक होता तो बांधकामात राहणाऱ्या माणसात. एका ठिकाणी तो मतदार होता, सोयरा होता, गाववाला होता. दुसऱ्या ठिकाणी 'भय्या' होता.

त्याच वर्षी १७ मे रोजी चिखलीतच इंद्रायणीच्या निळ्या पूररेषेतील ३६ बंगले महापालिकेने पाडले. 'पाहा, श्रीमंतांचीही गय केली नाही' असे म्हणणाऱ्यांनी दोन्ही कारवायांचा तपशील शेजारी ठेवून वाचावा. बंगल्यांचा वाद राष्ट्रीय हरित लवादापुढे चालला, तेथे जुलै २०२४ मध्ये निकाल झाला, त्यानंतर सर्वोच्च न्यायालयापर्यंत दाद मागता आली. ज्यांनी आयुष्याची पुंजी घातली त्या बंगलेवाल्यांचे दुःख खोटे नाही. त्यांना फसवणारे जमीनविक्रेते मात्र नामानिराळे राहिले. परंतु त्यांना प्रत्येक टप्प्यावर कोणीतरी ऐकून घेतले. सर्वोच्च न्यायालयाने १३ नोव्हेंबर २०२४ च्या निर्णयात बुलडोझरच्या वापरावर मर्यादा घातल्या; पंधरा दिवसांची नोटीस, वैयक्तिक सुनावणी, कारणे देणारा लेखी आदेश या किमान गोष्टी सांगितल्या. त्या निर्णयाची शाई वाळते न वाळते तोच, तीन महिन्यांच्या आत, आठवड्यात चार हजार बांधकामे पाडण्याचा वेग गाठला गेला. या वेगात प्रत्येकाची सुनावणी किती खोलवर झाली असेल, याचा हिशेब शाळकरी मुलालाही करता येईल.

आणखी एक गोष्ट. मार्च २०२२ मध्ये महापालिकेची मुदत संपली; फेब्रुवारी २०२५ मध्ये कारभार प्रशासकाच्या हाती होता. ज्या सभागृहात एखाद्या नगरसेवकाने, मग तो कितीही संधिसाधू असो, उठून विचारले असते की माझ्या प्रभागातील भाडेकरूंचे काय, ते सभागृह तीन वर्षे अस्तित्वातच नव्हते. लोकनियुक्त संस्था गोठवून शहराची फेररचना करणे सोयीचे असते.

याच शहरातील दुसऱ्या एका वस्तीचा इतिहास यासंदर्भात आठवला पाहिजे. फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या निर्वासितांसाठी मुंबई प्रांतात ज्या छावण्या उभ्या राहिल्या, त्यांत कल्याणची छावणी, म्हणजे पुढचे उल्हासनगर, सर्वांत मोठी. कोल्हापूरजवळ वळिवडे येथे, जेथे महायुद्धाच्या काळात पोलिश निर्वासितांना ठेवले होते, तेथे सिंधी आले आणि त्याचे गांधीनगर झाले. तशीच एक छावणी पिंपरीस, रेल्वेमार्गालगत वसली. आज ज्याला सारे शहर 'पिंपरी कॅम्प' म्हणून ओळखते, जेथे लग्नाचे कापड आणि दिवाळीचा माल घ्यायला मावळ-मुळशीतून माणसे येतात, ती बाजारपेठ म्हणजे ही छावणी होय. नावातला 'कॅम्प' हा शब्द लष्कराचा नाही, निर्वासितांचा आहे, हे नव्या पिढीला बहुधा ठाऊक नसते.

ही माणसे येथे आली तेव्हा त्यांची भाषा निराळी होती, लिपी अरबी वळणाची होती, जेवण निराळे होते. स्थानिकांना त्यांच्याविषयी प्रेम वाटत होते असेही नाही. निर्वासित आणि तत्कालीन प्रांतिक सरकार यांच्यात खटके उडत. 'हे लोक सारा धंदा बळकावतील' ही कुजबुज गावोगाव होती. गाडीत, दारोदार, फुटपाथवर माल विकणारा सिंधी फेरीवाला हा त्या काळातील चेष्टेचा विषय होता. आजच्या कुदळवाडीच्या भंगारवाल्याविषयी जे बोलले जाते त्यातील बरेच त्या काळी त्याच्याविषयी बोलून झाले होते.

फरक पडला तो शासनाच्या एका निर्णयाने. या माणसांना राहण्यास खोल्या मिळाल्या, आणि १९५४ च्या विस्थापित व्यक्ती (नुकसानभरपाई व पुनर्वसन) कायद्याने त्यांच्या दाव्यांना, ताब्याला, मालकीला कायद्याची चौकट मिळाली. ती परिपूर्ण नव्हती; अनेक वसाहतींतील जमिनींचे कागद दशकानुदशके अर्धवट राहिले, आणि २०२५ मध्येही राज्य शासनाला त्यासाठी अभय योजना जाहीर करावी लागली. परंतु 'येथून तुम्हांस कोणी उठवणार नाही' हे आश्वासन मिळाले होते. त्या आश्वासनावर माणूस दुकानाला पक्की भिंत घालतो, मुलांना शाळेत घालतो, धर्मशाळा व दवाखाना उभारतो, चेटीचंडची मिरवणूक काढतो आणि एक दिवस महापालिकेच्या निवडणुकीला उभा राहतो. दोन पिढ्यांत निर्वासिताचा पिंपरीकर झाला. त्याने मराठी शिकावी म्हणून कोणाला काठी उगारावी लागली नाही. गिऱ्हाइकाने ती शिकवली.

या कहाणीला एक दुखरी बाजूही आहे. वस्ती टिकली, भाषा तितकीशी टिकली नाही. सिंधी भाषा १९६७ मध्ये घटनेच्या आठव्या अनुसूचीत आली खरी, पण लिपी कोणती, अरबी की देवनागरी, या वादात तिची शाळा मागे पडली आणि नातवंडे हिंदी-इंग्रजीत बोलू लागली. जमिनीचा कागद सारे काही वाचवत नाही. पण तो नसेल तर वाचवण्यासारखे काही साठण्यापूर्वीच वस्ती उठते. कुदळवाडीच्या माणसांना तीस वर्षांत स्वतःची म्हणता येईल अशी एक शाळा, एक दवाखाना, एक सभागृह उभे करता आले नाही, यासाठी त्यांच्या 'मानसिकते'ला दोष देणारे विद्वान आहेत. उद्या उठावे लागेल अशा जागेवर कोणी सभागृह बांधत नसतो, एवढे साधे अर्थशास्त्र त्यांना उमजत नाही.

येथे एक प्रतिवाद हमखास होतो. सिंधी लोक फाळणीचे बळी होते, नाइलाजाने आले. हे लोक पोटासाठी, आपखुशीने आले आहेत. हा भेद वरवर पटण्यासारखा आहे. परंतु १९७२ च्या दुष्काळात मराठवाड्यातून पिंपरीला आलेला शेतमजूर आपखुशीने आला होता काय? पूर्व उत्तर प्रदेशातील दोन बिघे जमिनीवर सहा तोंडे पोसू न शकणारा मनुष्य आपखुशीने येतो काय? शिवाय त्याला येथे बोलावले कोणी? १९५४ मध्ये हिंदुस्थान अँटिबायोटिक्सची स्थापना, १९६२ मध्ये औद्योगिक विकास महामंडळाची स्थापना, त्यानंतर आकुर्डी, चिंचवड, भोसरी येथील मोठमोठे कारखाने आणि नव्वदीनंतर चाकण. प्रत्येक टप्प्यावर शासनाने जमीन, पाणी, वीज, करसवलत देऊन भांडवल बोलावले. भांडवलाला निमंत्रणपत्रिका आणि श्रमाला घुसखोरीचा शिक्का, हा दुटप्पीपणा या औद्योगिक पट्ट्याच्या पायातच आहे. लोकसंख्या २००१ मध्ये दहा लाखांच्या आसपास होती, २०११ च्या जनगणनेत ती सव्वासतरा लाखांवर गेली. ही वाढ पाळण्यातून झालेली नाही.

या माणसांना राहण्यास जागा द्यावी ही जाणीव एके काळी शासनाला होती. १९७२ मध्ये पिंपरी-चिंचवड नवनगर विकास प्राधिकरण स्थापन झाले ते मुख्यतः औद्योगिक कामगारांना परवडणारी घरे मिळावीत या हेतूने. त्यासाठी शेतकऱ्यांच्या जमिनी घेतल्या गेल्या. साडेबारा टक्के परताव्यासाठी त्यांना पुढे पिढीभर झगडावे लागले. कामगाराला किती घरे मिळाली? प्राधिकरणाच्या नीटस पेठा आज मध्यमवर्गाच्या आवडत्या वसाहती आहेत, आणि जून २०२१ मध्ये प्राधिकरणच विसर्जित होऊन त्याच्या जमिनी महापालिका व महानगर प्रदेश प्राधिकरण यांच्यात वाटल्या गेल्या. शेतकऱ्याची जमीन गेली, कामगाराला घर मिळाले नाही, आणि मधल्या मध्ये जे मूल्य वाढले ते तिसऱ्याच्याच पदरात पडले. अर्थशास्त्रात याला अनर्जित मूल्यवृद्धी म्हणतात. खेडेगावात याला निराळा शब्द आहे.

पुनर्विकासाचे खरे इंजिन येथे आहे. जमिनीच्या एखाद्या तुकड्यावर आज जे भाडे मिळते आणि तेथे उंच इमारत उभी राहिल्यास जे मिळू शकेल, या दोहोंतील अंतर वाढत जाते, आणि ते पुरेसे वाढले की भांडवल तेथे धाव घेते. नील स्मिथ या भूगोलज्ञाने १९७९ मध्ये हे सूत्र मांडले. पिंपरी-चिंचवडमध्ये मेट्रो मार्च २०२२ मध्ये धावू लागली, स्थानकालगत जादा चटई क्षेत्र मिळू लागले, डिसेंबर २०२० च्या एकत्रित विकास नियमावलीने राज्यभर बांधकामाच्या मर्यादा सैल केल्या. कारखान्यांच्या जमिनी निवासी करण्याचा धंदा तर त्याआधीपासूनचा. खुद्द हिंदुस्थान अँटिबायोटिक्सची ८७.७० एकर जमीन विकून देणी भागवण्यास केंद्रीय मंत्रिमंडळाने डिसेंबर २०१६ मध्ये मान्यता दिली. ज्या कारखान्याने या देशाला स्वस्त पेनिसिलीन दिले, त्याची उरलेली किंमत आता एकरांत मोजली जाते. अशा बाजारात कुदळवाडीचे पत्राशेड हे जमिनीच्या दृष्टीने 'वाया गेलेले' क्षेत्र ठरणारच. कुदळवाडीवर फेब्रुवारीत बुलडोझर फिरला आणि त्याच वर्षी चिखली परिसरासाठी नगररचना योजनेचा इरादा पुढे आला, हा निव्वळ योगायोग मानायचा असेल तर खुशाल मानावा.

झोपडपट्टी पुनर्वसनाचे गणितही याच बाजाराला बांधलेले आहे. महापालिकेच्या नोंदीनुसार शहरात ७१ झोपडपट्ट्या. विठ्ठलनगर, मिलिंदनगर, भाटनगर, लिंक रोडची पत्राशेड ही नावे पिंपरीच्या कामगार चळवळीला परिचित आहेत. या वस्त्या नुसत्या झोपड्यांच्या रांगा नव्हेत. कोठे मराठवाड्यातील एका तालुक्याची माणसे एका गल्लीत, कोठे भटक्या-विमुक्तांची जमात, कोठे भीमजयंतीची वर्गणी आणि बुद्धविहार. तेथे ३०० चौरस फुटांच्या सदनिका देऊन सात-आठ मजल्यांत माणसे चढवली म्हणजे त्यांना पक्के छप्पर मिळते, शौचालय मिळते, बाईला रात्री बाहेर जावे लागत नाही. हे लाभ क्षुल्लक मानणारा पुरोगामी स्वतः कधी चाळीच्या सामाईक शौचालयापुढे उभा राहिलेला नसतो. पण दारात बसून पापड लाटणारीचे दार गेले, हातगाडी उभी करण्याची जागा गेली, आणि १ जानेवारी २००० पूर्वीचा पुरावा नसलेला शेजारी एक तर पैसे भरून पात्र ठरला किंवा यादीतूनच गळला. पिंपरीकर कोण याचा निर्णय एका तारखेने होतो. निगडीच्या सेक्टर २२ मधील घरकुल प्रकल्प तर लष्कराच्या प्रतिबंधित क्षेत्रात उभारला गेला आणि न्यायालयात अडकला. ज्या नियोजनकर्त्यांना लष्कराची हद्द दिसली नाही, त्यांना गरिबाचे पत्राशेड मात्र अचूक दिसते.

वस्ती उठवून तिची ओळख शिल्लक ठेवता येते, असाही एक सुसंस्कृत भ्रम आहे. त्याचा अनुभव अमेरिकेतील चिनी वस्त्यांनी घेतला आहे. १९०६ च्या भूकंपानंतर सान फ्रान्सिस्कोच्या कारभाऱ्यांनी चिनी लोकांना शहराच्या टोकाला हलवण्याचा बेत रचला. चिनी व्यापाऱ्यांनी तो हाणून पाडला आणि आपली पेठ मुद्दाम पॅगोडासारख्या छपरांनी सजवून पुन्हा बांधली, जेणेकरून पर्यटक येतील आणि शहराला ती पाडणे तोट्याचे वाटेल. जिवंत राहण्यासाठी त्यांना स्वतःचे चित्र काढून टांगावे लागले. राजधानी वॉशिंग्टनमध्ये तेही पुरले नाही. तेथे १९८६ मध्ये चिनी धाटणीची भव्य कमान उभारली, १९९७ मध्ये शेजारीच प्रचंड क्रीडागार आले, भाडी चढली, चिनी कुटुंबे पांगली. साखळी दुकानांच्या नावाच्या पाट्या मात्र चिनी अक्षरांतही लावल्या जातात. माणसे गेली, लिपी उरली. उद्या पिंपरीत एखाद्या गृहसंकुलाच्या प्रवेशद्वारावर 'कामगार संस्कृती'चे भित्तिचित्र रंगवलेले दिसले तर आश्चर्य वाटू नये.

डाव्या व समाजवादी चळवळीनेही या संदर्भात स्वतःला काही प्रश्न विचारले पाहिजेत. पिंपरी-चिंचवड हा कामगार चळवळीचा बालेकिल्ला. १९८९ मध्ये टेल्कोचे कामगार शनिवारवाड्यावर उपोषणाला बसले तेव्हा सारे पुणे हादरले होते. परंतु ती चळवळ कारखान्याच्या फाटकापर्यंत होती. कायम कामगाराचा पगार, बोनस, करार यांसाठी ती प्राणपणाने लढली. फाटकाबाहेर कंत्राटी कामगार कोठे राहतो, त्याचे घरभाडे किती, भंगार उचलणाऱ्याचा विमा आहे काय, हे तिच्या मागणीपत्रात आले नाही. कायम कामगारच पुढे घरमालक झाला, त्याने दोन खोल्या चढवून भाडेकरू ठेवला आणि भाडेकरूच्या प्रश्नावर त्याची वर्गीय दृष्टी अंधुक झाली, हेही स्पष्टपणे बोलले पाहिजे. आज त्याच वस्त्यांतून 'परप्रांतीय हटवा'च्या घोषणा ऐकू येतात आणि जुने कार्यकर्ते मान खाली घालून बसतात. मुंबईच्या पदपथवासीयांच्या खटल्यात १९८५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने उपजीविकेचा हक्क जगण्याच्या हक्कातच सामावलेला आहे असे सांगितले. तो निकाल सभांतून उद्धृत करणे सोपे. कुदळवाडीत जाऊन तो उच्चारणे अवघड होते.

मागण्या काय असाव्यात याविषयी संदिग्धता नको. कोणतीही वस्ती, मग ती राहण्याची असो वा व्यवसायाची, पाडण्यापूर्वी तेथील भाडेकरू, कामगार व व्यावसायिक यांची जागेवर जाऊन गणना व्हावी आणि तिची प्रत त्यांच्या हाती पडावी. औद्योगिक महामंडळ मोठ्या कारखान्याला जशी जमीन देते तशीच त्या कारखान्याचा अवशेष निस्तरणाऱ्या व्यवसायासाठी, सांडपाणी व अग्निशमनाच्या सोयींसह, भाडेपट्ट्याने राखून ठेवावी. तिचा खर्च ज्यांचे भंगार त्यांनी उचलावा. कामगारांसाठी सार्वजनिक मालकीची भाड्याची घरे हवीत, विकण्याची नव्हेत. कारण विकण्याची घरे शेवटी कोणाकडे जातात हे प्राधिकरणाने दाखवून दिले आहे. आणि अनधिकृत घरांना जो दयेचा कायदा लागू झाला तोच अनधिकृत कार्यशाळांना लागू व्हावा.

यातील काही गोष्टी विधिमंडळाशिवाय होणार नाहीत. पण एक गोष्ट कार्यकर्त्यांच्या हातची आहे. २०२५ मध्ये नगररचना योजनेचा इरादा जमीनमालकांच्या विरोधामुळे मागे घ्यावा लागला. त्यांनी मोर्चे काढले, हरकती नोंदवल्या, आणि प्रशासन नमले. त्याच वर्षी मे महिन्यात शहराचा प्रारूप विकास आराखडा प्रसिद्ध झाला आणि त्यावरही हजारो हरकती आल्या. जमीनमालकांना आपला हक्क ठाऊक होता. भाडेकरूची समजूत अशी असते की, सातबाऱ्यावर नाव नसलेल्याला आराखड्याशी कर्तव्य नाही. कायद्यात तसे काही नाही. १९६६ च्या प्रादेशिक व नगररचना अधिनियमानुसार प्रारूप आराखड्यावर कोणीही व्यक्ती लेखी हरकत घेऊ शकते. तिला जमीन असावी लागत नाही, मतदारयादीत नाव असावे लागत नाही, ती मराठी असावी लागत नाही. पुढचा आराखडा, पुढची योजना किंवा फेरबदल प्रसिद्ध होईल तेव्हा मुदतीचे दिवस मोजकेच असतील. त्या दिवसांत भोसरीच्या खोल्यांतून, चाकणच्या भाड्याच्या चाळींतून, उरल्यासुरल्या पत्राशेडमधून किती अर्ज महापालिकेच्या आवक-जावक विभागात पोहोचतात, त्यांवर पोच घेतली जाते की नाही, आणि सुनावणीच्या दिवशी त्या माणसासोबत कोण उभे असते, हे शाखाशाखांनी आतापासून ठरवावयाचे आहे.